एपॉक्सी (सर्किट बोर्डच्या जुळणीतील व दुरुस्तीतील)

सुटे भाग बोर्डला चिकटवून धरणे, सोल्डरच्या सांध्यांवरचा ताण वाटून घेणे आणि उघडी चिप ओलाव्यापासून झाकणे या कामांसाठी वापरले जाणारे उष्मादृढ रेझीन. रेझीन आणि हार्डनर (त्याला पक्के करणारे रसायन) यांची विक्रिया पूर्ण झाली की रेणूंचे त्रिमितीय जाळे तयार होते. ते पुन्हा वितळत नाही व कोणत्याही सामान्य द्रावकात विरघळत नाही. जुळणी करणाऱ्याला हवा असतो तो हाच गुण, आणि दुरुस्ती करणाऱ्याची खरी अडचणही हीच.

शोधाच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. रशियन रसायनज्ञ प्रिलेझायेव यांनी 1909 मध्ये परॲसिडाच्या साहाय्याने एपॉक्साइडे (ज्यांच्यापासून अशी रेझिने घडतात ती संयुगे) बनवण्याची विक्रिया दिली. पण ते रेझीन नव्हे. जर्मनीतील पाउल श्लाक यांच्या 1934 च्या सुमाराच्या पेटंटात एपॉक्साइड व अमाइन यांची विक्रिया येते, म्हणून काही लेखक त्यांना पहिला मान देतात. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां हे दंतवैद्यकासाठी साचात ओतता येईल असा पदार्थ शोधत होते. त्यांनी बिस्फेनॉल-ए व एपिक्लोरोहायड्रिनपासून मिळणारे रेझीन थॅलिक अनहायड्राइडाने पक्के केले (पेटंट अर्ज 1938). अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी 1940 नंतरच्या दशकात त्याच दोन रसायनांपासून रंगलेपांसाठी रेझिने बनवली. आज वापरातली बहुतेक रेझिने या दोघांच्या घडणीची असल्याने श्रेय कास्तां व ग्रीनली यांना विभागून देणे अधिक सयुक्तिक वाटते.

जुळणीत एपॉक्सी प्रामुख्याने तीन रूपांत भेटते. वेव्ह सोल्डरिंगला जाणाऱ्या बोर्डच्या खालच्या बाजूचे छोटे भाग वितळलेल्या सोल्डरच्या लाटेत गळून पडू नयेत म्हणून त्यांच्याखाली एक ठिपका देतात. तो सहसा लाल असतो, म्हणजे हिरव्या बोर्डवर तपासणाऱ्याला पटकन दिसतो. सुमारे 120 ते 150 अंश सेल्सिअसला तो काही मिनिटांत पक्का होतो. स्वस्त कॅल्क्युलेटर किंवा मल्टिमीटर उघडल्यावर दिसणारा काळा गुळगुळीत थेंब हे दुसरे रूप. त्याखाली तारांनी जोडलेली उघडी चिप असते. तिसरे रूप अंडरफिलचे.

अंडरफिल म्हणजे चिप व बोर्ड यांच्यामधल्या फटीत भरलेले एपॉक्सी. एक अंश तापमानवाढीला सिलिकॉन 10 लाखांत सुमारे 3 भाग प्रसरण पावतो, तर एफआर-4 (काचकापड व एपॉक्सीचा नेहमीचा) बोर्ड 14 ते 17. हा फरक चिपला बोर्डशी जोडणाऱ्या सोल्डरच्या गोळ्यांना सोसावा लागतो आणि चिपच्या मध्यापासून सर्वांत दूर असलेले कोपऱ्यातले गोळे आधी तडकतात. नुसते एपॉक्सी याहून कितीतरी जास्त फुगते. म्हणून त्यात सिलिकाची बारीक पूड घालून त्याचे प्रसरण सोल्डरच्या जवळ, 25 ते 30 पर्यंत, आणतात. फ्लिप-चिप सांधे (चिप पालथी ठेवून अशा गोळ्यांनी थेट जोडणे) आयबीएमने 1960 नंतरच्या दशकात वापरात आणले. रेझीन भरल्याने ते जास्त टिकतात हे हिताचीच्या संशोधकांनी 1987 मध्ये मांडले. द्रव चिपच्या एका किंवा लगतच्या दोन कडांना सोडतात व केशाकर्षणाने तो आत ओढला जातो. चारही बाजूंनी सोडला तर हवा कोंडते. पुढे बोर्ड पुन्हा तापवला की वितळलेले सोल्डर त्याच पोकळीत घुसते आणि शेजारचे दोन गोळे जोडले जातात.

एपॉक्सी काढण्याच्या कामात काच-संक्रमण तापमान, म्हणजे कडक एपॉक्सी मऊ पडू लागते ते तापमान, निर्णायक ठरते. त्याच्या वर एपॉक्सी वितळत नाही, रबरासारखे होते, आणि त्याचे प्रसरण तीन-चार पट वाढते. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला ‘ग्लूवाली आयसी’ म्हणतात तिथे सोल्डर वितळले (शिसेयुक्त 183, शिसेरहित सुमारे 217 अंशांना) तरी चिप सुटत नाही. जोर लावला तर पॅडच (बोर्डवरचे, सोल्डर बसते ते तांब्याचे तुकडे) उखडतात. म्हणून आधी ओलावा घालवण्यासाठी बोर्ड ओव्हनमध्ये काही तास सुकवतात. मग खालून तापवून, वरून गरम हवा देत, सोल्डर वितळण्याच्या आतल्या तापमानालाच चिपच्या कडेचा एपॉक्सीचा उतार लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकाने खरवडतात. तो निघाल्यावरच तापमान वाढवायचे. कडेला हलके दाबल्यावर सोल्डरचे चमकते मणी बाहेर डोकावले की चिप वळवून सोडवतात. सरळ उचलत नाहीत. पॅडवर उरलेला थर काढण्यात सर्वाधिक वेळ जातो आणि बहुतेक बोर्ड याच टप्प्यावर बिघडतात. घाई इथे परवडत नाही.

रसायनांचा मार्ग तत्त्वतः खुला असला तरी बोर्ड स्वतःच काचकापड व एपॉक्सीचा असतो; ठिपक्याला खाणारे रसायन बोर्डलाही खाते. डायक्लोरोमिथेन एपॉक्सी फुगवते, पण ते आरोग्यास घातक असून अमेरिकेने 2024 मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. धूमायमान नायट्रिक आम्लाचा उपयोग चिपचे वेष्टन उघडून बिघाड तपासण्यापुरताच. या कामी उष्णतेचीच पद्धत श्रेयस्कर. आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योग-संघटनेच्या दुरुस्तीविषयक 7711/7721 या मानकात लेप काढण्यासाठी द्रावक, सोलणे, उष्णता, घासणे-खरवडणे व बारीक कणांचा मारा अशा पद्धती दिल्या आहेत. कणांच्या माऱ्यात स्थिर विद्युत् साठते, तिचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

काढण्याची ही अडचण टाळण्यासाठी रेणूंच्या जाळ्यात मुद्दाम तुटू शकणारे दुवे असलेली एपॉक्सी रेझिने 1990 नंतरच्या दशकात पुढे आली: आयबीएममध्ये आम्लाने तुटणारी, कॉर्नेल विद्यापीठात क्रिस्टोफर ओबर यांच्या गटाकडे उष्णतेने तुटणारी.

पक्के न झालेले एपॉक्सी त्वचेला लागून कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे व धूर ओढणारा पंखा आवश्यक.

उखडलेली पॅड परत बसवतानाही एपॉक्सीच वापरतात. जळून काळा झालेला भाग कोरून खड्ड्यात रंग मिसळलेले एपॉक्सी भरतात, पक्के झाल्यावर बोर्डच्या पातळीला घासतात आणि त्यावर नवी तांब्याची पट्टी चिकटवतात.