असगंधाची मुळी आणि रक्तातली मोनोसाइट

मध्य प्रदेशात असगंधाची, म्हणजे अश्वगंधाची, मोठी लागवड नीमच-मंदसौर पट्ट्यात होते आणि नीमचची मंडी त्यासाठी नावाजलेली आहे. इंदूरच्या मराठी घरांत या मुळीचे चूर्ण दुधातून घेतले जाते, ते ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या खात्रीने. ही शक्ती वाढते की कमी होते, हे मात्र कोणत्या पेशीला काय दिले यावर ठरते.

रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ नावाचे ग्राही (रिसेप्टर) असतात. काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ त्यांना जाणवला, की आयकेके हे विकर जागे होते, एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला अडवून धरणारे प्रथिन नष्ट होते आणि मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशा दाहकारक रेणूंची जनुके चालू करते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये एनएफ-कॅपा-बीचा शोध लावला.

असगंधातले विदाफेरिन-ए हे संयुग आयकेकेला चिकटून नेमकी हीच साखळी तोडते आणि टीएनएफ घटतो. म्हणजे इथे प्रतिकार वाढत नाही, दाह दबतो. मग काही प्रयोगांत वनस्पतींच्या अर्काने पेशी उलट खवळलेल्या का दिसतात?

एक कारण अगदी साधे आहे. मुळी मातीतून खणून काढलेली असते आणि तिच्यावरचे जीवाणू अर्क उकळताना मेले, तरी त्यांचे लिपोपॉलिसॅकराइड उकळीला दाद देत नाही. ते नॅनोग्रॅमच्या मापात उरले तरी मोनोसाइटला पुरते. म्हणून अर्कात पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक घालून पाहतात, कारण ते लिपोपॉलिसॅकराइडला बांधून टाकते. त्यानंतर पेशी शांत राहिल्या, तर श्रेय मुळीचे नव्हते. एकिनेशिया या अमेरिकी औषधी वनस्पतीच्या अभ्यासातही मॅक्रोफेज या जीवाणू गिळणाऱ्या पेशींच्या उत्तेजनाचा मोठा भाग जीवाणूंच्या घटकांमुळे असल्याचे आढळले आहे. ‘इम्युनिटी बूस्टर’ असे छापलेल्या डब्यांवर या चाचणीचा उल्लेख माझ्या तरी पाहण्यात नाही.

टीएनएफ घटल्याचा निकालही तपासूनच घ्यावा लागतो. विदाफेरिन-ए जास्त मात्रेत पेशींना मारते, आणि मेलेली पेशी टीएनएफ बनवत नाही. त्यामुळे त्याच नळीत किती पेशी जिवंत उरल्या, हे मोजल्याशिवाय दाह दबल्याचे म्हणता येत नाही.