ट्रकमध्ये न टिकणारा टमाटर

आम्हा इंदूरच्या मराठी लोकांच्या तोंडी टोमॅटो कधी बसलाच नाही, आजीपासून सगळे टमाटरच म्हणतात, म्हणून इथेही टमाटरच लिहिते.

मंडीतून आणलेला टमाटर घ्या. कडक, गुळगुळीत, आठ दिवस टोपलीत जसाच्या तसा राहतो आणि चिरला की आत पांढरट दांडा नि फिकं पाणी. सेव-टमाटरची भाजी करायला घेतली तर दोन टाका की चार टाका, तो आंबट-गोड दम येतच नाही, शेवटी आमचूर घालावा लागतो. यात शेतकऱ्याची काही चूक नाहीये, त्याला क्रेट भरून माल शेतातून चोइथराम मंडीपर्यंत, तिथून अजून कुठेकुठे, न फुटता पोचवायचाय, तर तो जाड सालीचं, घट्ट गराचं बियाणंच लावणार ना. पण आपली गच्ची ते ओटा हे अंतर आहे पंधरा पायऱ्यांचं! आणि तरी बियाण्याच्या दुकानात जाऊन आपण विचारतो, "जास्त माल देणारं कोणतं?" आणि घेऊन येतो तेच मंडीवालं हायब्रिड. माझं म्हणणं एवढंच आहे की घरासाठी जात निवडताना मंडी ज्याला नापास करते तोच टमाटर आधी बघा.

चव म्हणजे नेमकं काय ते आधी सांगते, कारण जात निवडायचं सगळं गणित तिथूनच निघतं. जिभेला कळते साखर (ग्लुकोज आणि फ्रुक्टोज) आणि आंबटपणा (मुख्यतः सायट्रिक आणि थोडं मॅलिक आम्ल), पण "अरे हा टमाटर आहे" हे ओळखतं नाक. टमाटरमध्ये वासाची शेकडो द्रव्यं असतात, त्यातली पंचवीस-तीसच आपल्याला जाणवण्याइतकी महत्त्वाची. एकाचा वास चक्क गुलाबाच्या जवळचा आहे, काही द्रव्यं लाल-केशरी रंगद्रव्यं तुटून तयार होतात म्हणजे फळ वेलावर पूर्ण रंगलं तरच ती नीट भरतात, आणि तो ताजा हिरवट वास तर आपण सुरी चालवली की त्या क्षणाला पेशी फुटून तयार होतो, म्हणून कोशिंबिरीचा टमाटर पानं वाढायच्या वेळीच चिरावा. २०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या आणि चीनमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून जुन्या, नव्या आणि रानटी अशा ३९८ प्रकारच्या टमाटरांचे जीनोम आणि त्यातली चवीची द्रव्यं तपासली, तर आजच्या व्यापारी जातींत यातली बरीचशी द्रव्यं जुन्या जातींपेक्षा कमी निघाली. मुद्दाम कोणी काढून टाकली नाहीत, फळ मोठं हवं, कडक हवं, भरपूर हवं असं निवडत गेले, चव कोणी मोजतच नव्हतं, तर ती हळूहळू निसटली.

याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जुन्या जातींचं कच्चं फळ बघा, देठाजवळ गडद हिरवं असतं. दुकानात ते चांगलं दिसत नाही, पिकल्यावरही तिथे पिवळसर डाग राहतो, म्हणून सगळीकडून एकसारखं पिकणारं फळ निवडलं गेलं आणि जगभर तेच पसरलं. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांच्या गटाने दाखवलं की हा एकसारखेपणा ज्या जीनच्या बिघाडामुळे येतो तो जीन फळातली हरितलवकं (उन्हावर साखर बनवणारे हिरवे कण) वाढवतो, म्हणजे फळ स्वतः थोडी साखर बनवतं ते त्याच्याच जोरावर. रंग सुधारला आणि गोडी गेली! तेव्हा नर्सरीत फळ लागलेलं रोप दिसलं तर देठाजवळचा हिरवा रंग जरूर बघा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे रोपाची ठेवण. काही जाती ठराविक उंचीला थांबतात, एकदम फुलतात, एकदम फळतात. काही वेलीसारख्या वाढतच राहतात. थांबणारी ठेवण आली एका आपोआप झालेल्या बदलातून, जो १९१४ मध्ये फ्लोरिडात एका झाडात सापडला, आणि शेतकऱ्याला ती सोयीची कारण तोडणी आटोपशीर होते. पण साखर बनते पानांत. कमी पानं आणि एकदम चाळीस फळं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. वाढत राहणाऱ्या झाडाला पानं जास्त, फळं एकामागून एक, आणि घरात रोज चार टमाटर मिळालेले बरे की एका आठवड्यात दहा किलो? मी तरी वेलीसारखंच लावते, काठी किंवा सुतळीचा आधार द्यावा लागतो तेवढं करायचं. फक्त कुंडी लहान नको, १५-२० लीटर माती तरी पाहिजे, आणि ऊन निदान सहा तास.

आता उत्पादन. इथे जातीइतकंच इंदूरचं कॅलेंडर महत्त्वाचं आहे, हे मला फार उशिरा समजलं. माळव्याच्या थंड रात्रींचं आपल्याला कौतुक असतं आणि टमाटरलाही त्या आवडतात, १५ ते २० अंशांच्या रात्री त्याला सगळ्यात छान. दुपारी ३५ च्या वर आणि रात्री २२-२३ च्या वर गेलं की परागकण निकामी व्हायला लागतात आणि फुलं गळतात, एप्रिल-मेमध्ये झाड हिरवंगार दिसतं पण फळ धरत नाही ते यामुळे. शिवाय ३० अंशांच्या वर लाल रंग, म्हणजे लायकोपीन, नीट बनत नाही, पिवळा बनत राहतो, म्हणून उन्हाळ्यातली फळं केशरी-पिवळट राहतात. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या खाली गेल्या तरी फळधारणा अडते. म्हणजे आपल्याला मुख्य खिडकी मिळते ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि मग फेब्रुवारी-मार्चची. ऑगस्टच्या शेवटी, फार तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकलं तर पहिली फुलं बरोबर त्या खिडकीत येतात. दिवाळीला बी टाकणाऱ्यांची रोपं थंडीत नुसती बसून राहतात. फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास झाडाला हलकी टिचकी मारायची, टमाटरचे पराग नळीसारख्या भागात बंद असतात, ते थरथरीने सुटतात. भुंगे हे काम भुणभुणून करतात, मधमाशीला ते जमत नाही.

आणि पांढरी माशी. दोन वर्षांपूर्वी एका नर्सरीतून नाव-गाव नसलेली बारा रोपं आणली, महिन्याभरात नऊ रोपांची पानं वाटीसारखी वळली, झाड खुजं राहिलं, एक फळ नाही. हा लीफ कर्ल विषाणू, पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाला की औषध नाही, झाड उपटूनच टाकायचं. म्हणून सप्टेंबरात, माशी जोरात असताना, रोपांवर बारीक जाळी ठेवा आणि निदान अर्धी रोपं प्रतिकार असलेल्या जातीची लावा. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची काशी विशेष आहे, तिला हा प्रतिकार एका रानटी नातेवाईकाकडून मिळालाय. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची अर्का रक्षक लीफ कर्ल, जीवाणूजन्य मर आणि करपा तिन्हींना तोंड देते, पण ती संकरित आहे आणि फळ घट्ट, म्हणजे भरवशाची खरी, चवीला माझ्या मते मधली.

चवीसाठी माझी पहिली पसंती पुसा रुबी. दिल्लीची, जुनी, वाढत राहणारी, फळ चपटं, थोड्या घड्या पडलेलं, देठाशी पिवळसर. मंडीत हिला कोण विचारणार! पण चपट्या फळात कप्पे जास्त, म्हणजे बियांभोवतीचा बुळबुळीत रस जास्त, आणि आंबटपणा नि ग्लुटामेट (तोच जो वरणाला, साराला तोंडभर चव देतो) गरापेक्षा त्या रसातच जास्त असतो. बिया काढून टमाटर वापरायचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. साराला आणि सेव-टमाटरला पुसा रुबीच. थंडीत झाड बसून राहू नये म्हणून दोन-तीन रोपं पुसा शीतलची लावते, ती रात्री ८ अंशांपर्यंतही फळ धरते. आणि मुलांसाठी चेरी टमाटर एक तरी हवाच, लहान फळात साखर दाटून असते, नेहमीच्या टमाटरमध्ये विरघळलेले गोड-आंबट घटक ४-५ टक्के तर चेरीत ८-९ सहज, शिवाय उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळ्यात शेवटपर्यंत तीच फळत राहते.

खताला मी इंदूर पद्धतच वापरते, आपल्याच शहराच्या नावाची. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर इथल्या संस्थेत, जिथे आता कृषी महाविद्यालय आहे, पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन, उलटवत साधारण तीन महिन्यांत कंपोस्ट करायची रीत बसवली. नायट्रोजनचा मारा केला की नुसती पानं माजतात. पाणी मात्र नेमाने, कधी कोरडं कधी चिखल असं झालं की फळ तडकतं किंवा कॅल्शियम न पोचल्याने खालून काळं पडतं. फळं रंगायला लागली की पाणी थोडं आवरतं घ्यायचं, फळ जरा लहान राहतं पण रस दाट होतो.

तोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली वासाची द्रव्यं बनवणारे जीन मंदावतात, आठवडाभर थंडीत राहिलेला टमाटर बाहेर काढून ठेवला तरी वास पूर्ण परत येत नाही.

पुसा रुबी, काशी विशेष, पुसा शीतल या सरळ जाती आहेत, त्यांचं बी धरता येतं. संकरिताचं धरलं तर पुढची रोपं सरमिसळ निघतात. सगळ्यात चवदार फळ, सगळ्यात निरोगी झाडावरचं, पूर्ण पिकू द्या, बिया रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवा म्हणजे भोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, मग धुऊन सावलीत ताटलीवर वाळवा. कागदाच्या पुडीवर जातीचं नाव आणि वर्ष लिहून कोरड्या डब्यात ठेवलेलं बी तीन-चार वर्षं चांगलं उगवतं.