आउटलूकमधले स्वतः बनवलेले फॉर्म नव्या कॉम्प्युटरवर नेताना: पात्रता, लागणाऱ्या फायली आणि अर्ज कुठे अडतो

नवा कॉम्प्युटर टेबलावर आला की त्याच दिवशी आमच्या विभागात फोन येतो, "सभासदांचा फॉर्म उघडत नाही, सगळी माहिती गेली." माहिती बहुतेक वेळा गेलेली नसते. फॉर्म सापडला नाही की आउटलूक (मायक्रोसॉफ्टचा ई-मेल आणि संपर्कांचा प्रोग्राम) ती नोंद संपर्काच्या नेहमीच्या खिडकीत उघडतं आणि तुम्ही वाढवलेले रकाने तिथे दिसत नाहीत. तेव्हा कृपा करून नोंदी पुन्हा टाइप करायला बसू नका. दोन-दोन दिवस असे वाया घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

नव्या कॉम्प्युटरवर फॉर्म बसवून घेण्याच्या अर्जासाठी पात्रतेची अट एकच: क्लासिक आउटलूक, म्हणजे आउटलूकची जुनी, डेस्कटॉपवरची आवृत्ती. 'न्यू आउटलूक'मध्ये असे फॉर्म चालतच नाहीत, म्हणून क्लासिक बसवून मिळावं असं अर्जात स्पष्ट लिहा.

फॉर्म आणि त्यातली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही आणाव्या लागतात.

फॉर्म वैयक्तिक लायब्ररीत (तुमच्या स्वतःच्या फॉर्मच्या साठ्यात) असेल तर काम सोपं आहे. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, कस्टम फॉर्म्स, मॅनेज फॉर्म्स असं जाऊन तो 'सेव्ह अ‍ॅज'ने एफडीएम फाइल म्हणून काढा आणि नव्या कॉम्प्युटरवर त्याच खिडकीतून 'इन्स्टॉल' करा. टेम्पलेटवरून (साच्याच्या फायलीवरून) पुन्हा प्रकाशित, म्हणजे 'पब्लिश', करत असाल तर नाव हुबेहूब तेच ठेवा. प्रत्येक जुन्या नोंदीवर 'आयपीएम.कॉन्टॅक्ट.सभासद' असं फॉर्मचं नाव कोरलेलं असतं. तुम्ही 'सभासद२' केलंत तर ती नोंद जुनाच फॉर्म शोधत राहते.

सर्वात जास्त अर्ज परत जातात ते माहितीच्या फायलीमुळे. लोक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) घेऊन येतात. आउटलूकच्या एक्स्पोर्टमधून आपण बनवलेले रकाने सीएसव्हीत उतरत नाहीत, त्यामुळे नाव-पत्ता येतो आणि सभासद क्रमांक मागे राहतो. पीएसटीत (आउटलूकची स्वतःची माहितीची फाइल) एक्स्पोर्ट केलं तर नोंदी येतात, पण फोल्डरमध्ये प्रकाशित केलेला फॉर्म येत नाही. म्हणून आउटलूक बंद करून मूळ पीएसटी फाइलच कॉपी करा. ती सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलूक फाइल्स'मध्ये असते. नव्या कॉम्प्युटरवर ती इम्पोर्ट न करता थेट उघडा.

आणि ज्यांच्याकडे पीएसटी नसतेच, त्यांचं काय? आयमॅप खातं (ज्याचे मेल सर्व्हरवरच राहतात) असेल तर आउटलूक २०१३ पासून फाइल ओएसटी, म्हणजे सर्व्हरवरच्या माहितीची स्थानिक प्रत, असते, आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उपयोग नाही. मेल सर्व्हरवरून परत येतात. पण ज्या संपर्क फोल्डरपुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' लिहिलेलं असतं, तो खरोखरच फक्त त्या कॉम्प्युटरवर असतो. जुना कॉम्प्युटर चालू असतानाच नवी पीएसटी तयार करून तो फोल्डर तिच्यात कॉपी करा.

फॉर्म उघडला पण बटणं दाबून काही होत नसेल, तर फॉर्ममागची स्क्रिप्ट अडवलेली असते. सप्टेंबर २०१७ च्या सुरक्षा अपडेटपासून ती मुळातच बंद असते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) 'डिसेबलकस्टमफॉर्मआयटमस्क्रिप्ट'ची किंमत शून्य करावी लागते आणि विश्वासार्ह फॉर्मच्या यादीत आपल्या फॉर्मचं नाव घालावं लागतं. यासाठी अ‍ॅडमिनची परवानगी हवी. ही मंजुरी अर्जासोबतच मागा. फॉर्म बसवून झाल्यावर वेगळा अर्ज करायला लावणं आणि तो टेबलाटेबलावर फिरवणं मला आजही पटत नाही, पण आमच्याकडे तसंच चालतं.

आता मुदत. आमच्याकडे 'जुना संच (म्हणजे कॉम्प्युटर) सात दिवसांत जमा करावा' असा नियम आहे. लोक हे सात दिवस फॉर्म सुरू झाल्यापासून मोजतात. ते मोजले जातात नवा संच ताब्यात घेतल्यापासून, सुट्ट्या धरून. जमा झालेल्या डिस्क लगेच पुसल्या जातात. दोन्ही कॉम्प्युटर शेजारी ठेवा, ज्या सभासदाची माहिती तुम्हाला तोंडपाठ आहे त्याची नोंद दोन्हीकडे उघडा, रकान्यामागून रकाना जुळवा, आणि मगच पावतीवर सही करा.