तणमोर म्हणजे छोटा माळढोक नव्हे

परवा लोकमान्यनगरातल्या शेजारच्या काकूंनी मोबाइल पुढे केला. "हा बघ, रतलामजवळच्या सैलान्याचा माळढोक." फोटोत काळाकुळकुळीत नर, डोक्यामागे चमच्यासारख्या टोकांची लांब पिसं. म्हटलं, काकू, हा तणमोर. आपण इंदूरकर ज्याला खरमोर म्हणतो तो. माळढोक म्हणजे ग्वाल्हेरकडची सोनचिडिया.

गोंधळ होणारच. कूळ एक, दोघंही जमिनीवर अंडी घालणारे, दोघंही नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर. पण माळढोक मीटरभर उंच, नर पंधरा किलोंपर्यंत भरतो. तणमोर कोंबडीहून लहान.

तणमोर आपल्याकडे पावसाळ्यात येतो. गुडघाभर गवतातून नर पंख फडफडवत उसळी घेतो, दोन मीटरपर्यंत, बेडकासारखा आवाज काढतो आणि अलगद खाली येतो. दिवसातून शेकडो वेळा! गवत माजलं तर ही उडी मादीला दिसणार कशी? आणि खुरटं राहिलं तर तिनं अंडी लपवायची कुठे? म्हणून सैलाना आणि धार जिल्ह्यातल्या सरदारपूरच्या अभयारण्यांत (दोन्ही १९८३ ची) खरं काम वेळ सांभाळण्याचं. पिल्लं उडू लागेपर्यंत बीडातली, म्हणजे राखीव गवताळ माळावरची, गवतकापणी थांबवायची, गुरं बाहेर ठेवायची. शेजारच्या शेतातही हा पक्षी शिरतो. तिथं औषध फवारलं की त्याचे नाकतोडे गेले. म्हणजे शेतकरी सोबत हवाच.

माळढोकाला मात्र कुंपणातला तुकडा पुरत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते. पक्षी दूरवर फिरतो, त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि जड अंगामुळे विजेची तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. आता उरलेत दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे.

शिवपुरी जिल्ह्यातलं करेरा आठवलं की जीव तुटतो. १९८१ मध्ये सोनचिडियासाठी अभयारण्य झालं, पण त्यात लोकांच्या खासगी जमिनी अडकल्या, खरेदी-विक्री थांबली. गावं दुखावली. नव्वदच्या दशकात पक्षी दिसेनासा झाला, पुढे अभयारण्याचा दर्जाही गेला.

माळ 'पडीक' समजून त्यावर झाडं लावली, तर दोघांचंही घर मोडतं.

काकूंनी विचारलं, मग बघायला जायचं कधी? ऑगस्टमध्ये, पहाटे. पण बीडात पाऊल न टाकता, रस्त्यावरूनच दुर्बीण लावून.