पेडर रोडच्या चढावर हिशोब लागतो

मुंबई मॅरेथॉनमध्ये परतताना, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, पेडर रोडचा चढ येतो. एरवी जेवून शतपावली करणाऱ्यालाही तो फारसा जाणवणार नाही. त्या दिवशी मात्र तिथे भले भले चालायला लागतात आणि सगळा राग चढावर काढतात. खरी चूक बहुधा तीन-चार तास आधी, अंधारात, मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यावर पाय हलके वाटत असताना झालेली असते.

असं अचानक गळून जाण्याला धावणारे ‘भिंत लागली’ म्हणतात. ही भिंत नेमकी कुठे लागणार, हे बऱ्यापैकी साध्या अंकगणितात सांगता येतं. सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,७४० लागतील. अंगावरच्या चरबीत याच्या वीसपट ऊर्जा सहज असते, पण ती सावकाश सुटते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायू जास्त मागते. झटपट मिळणारी ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये असते, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेत. हा साठा तुटपुंजा. धावताना खरोखर हाती लागणारा साठा उदाहरणापुरता १,६०० किलोकॅलरी धरू.

वेग जितका जास्त, तितका साखरेचा वाटा मोठा. बेताच्या वेगात ६० टक्के ऊर्जा साखरेतून आली, तर दर किलोमीटरला ३९ किलोकॅलरी जातात आणि साठा ४१ किलोमीटर पुरतो. जोशात तोच वाटा ८० टक्क्यांवर गेला की दर किलोमीटरला ५२, आणि साठा ३१व्या किलोमीटरला संपतो. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, पण वेगातला फरक किरकोळ वाटला तरी भिंत दहा किलोमीटर अलीकडे सरकू शकते ती अशी. मुंबईचा दमटपणा यात भरच घालतो. शरीर तापलं की त्याच वेगाला साखर जास्त जळते.

साठा संपणं म्हणजे काय, हे १९६६ साली स्वीडनमधल्या बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या संशोधकांनी स्वतःच्याच मांड्यांवर तपासलं. दोघे व्यायामाच्या एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि एकेकाने एकच पाय चालवला. मग सुईने स्नायूचे तुकडे काढून पाहिले, तर चालवलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळपास संपलेलं, विश्रांती घेतलेल्या पायात शाबूत. एका पायाची साखर दुसऱ्याला उसनी मिळत नाही, कारण स्नायूतून साखर रक्तात परत सोडणारं विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नसतंच. ते यकृताकडे असतं. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय आहार घेतला, तेव्हा रिकाम्या झालेल्या पायाने दुसऱ्यापेक्षा दुप्पट साठा केला. शर्यतीआधी भात-बटाट्यावर भर देण्याची रीत इथूनच रुजली.

ती रीत आपल्याकडे अर्धवट पाळली जाते. आदल्या रात्री एकच भरगच्च जेवण करून साठा भरत नाही, पोट मात्र बिघडतं. शेवटचे दोन दिवस रोज वजनाच्या किलोमागे ८ ते १० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. ६५ किलोच्या माणसाला ५२० ते ६५० ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात ते जेमतेम २८ ग्रॅम असतात, त्यामुळे पोहे, केळी, गूळपोळी, सरबत असं दिवसभर विभागून घ्यावं लागतं. तेल-तूप आणि डाळी-उसळी तेवढ्यापुरत्या कमी करायच्या. वजन किलो-दीड किलो वाढलं तर घाबरू नका. दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. मधुमेह असलेल्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रात्रभराच्या उपाशीपणात यकृताचा साठा बराच उतरतो. मेंदू प्रामुख्याने रक्तातल्या साखरेवर चालतो, म्हणून भिंतीपाशी पायांबरोबर डोकंही बधिर होतं. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गळून, भांबावून पोहोचलेल्यांची रक्तशर्करा खूप घसरलेली दिसली. पुढच्या वर्षी त्यांना आधी पिष्टमय आहार आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या; साखर टिकली आणि माणसंही. पहाटे पाचची शर्यत असेल तर तीनच्या सुमारास उठून जॅम लावलेले दोन ब्रेड आणि एक केळं खायचं. जिवावर येतं, पण ते टाळू नये.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. एका जेलमध्ये, म्हणजे धावताना पिळून खायच्या घट्ट गोड पाकाच्या पाकिटात, साधारण २० ते २५ ग्रॅम असते. पहिलं जेल अर्ध्या-पाऊण तासात, भूक किंवा थकवा जाणवायच्या आत घ्यायचं आणि सोबत चार घोट पाणी प्यायचं. कोरडं घेतलं तर मळमळतं. शेंगदाण्याची चिक्की कितीही आवडो, त्यातली चरबी पोटात रेंगाळते. शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालू नये, अगदी फुकट वाटलेलं असलं तरी. पाणी तहानेपुरतंच. बॉस्टनमध्येच २००२ साली तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं होतं, आणि त्यामागे मोठा वाटा जास्त पिण्याचा होता.

राहिला वेग. साडेचार तासांचं लक्ष्य असेल तर किलोमीटरला सरासरी ६ मिनिटं २४ सेकंद पडतात. पहिले पाच किलोमीटर ६:३५ ते ६:४० ने काढा. त्यात जेमतेम मिनिटभर मागे पडाल. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो. हे सगळ्यात अवघड, कारण त्या वेळी शेकडो लोक पुढे जात असतात आणि स्वतःला काहीच होत नसतं.

तरीही भिंत लागलीच, तर रेटू नका. चालायला लागा, जेल किंवा गोड पेय घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं द्या. साखर रक्तात पोहोचायला तेवढा वेळ लागतो. पोट काही घेतच नसेल तर गोड पेयाची चूळ भरून थुंका. जिभेवरच्या साखरेनेही मेंदू पायांचा लगाम थोडा सैल सोडतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. तोवर केम्प्स कॉर्नरचा उतार येतो. तिथे लांब टांगा टाकू नका, मांड्या आखडतात.