शेजाऱ्याच्या नावाने शिमगा: इंग्रजीतला 'डच'

हॉटेलात बिल टेबलावर आलं की कुणीतरी 'टीटीएमएम' म्हणतं. तुझं तू, माझं मी. इंग्रजी बोलणारे याच हिशेबाला 'गो डच' म्हणतात. आपल्या शब्दात कुणाला नावं ठेवलेली नाहीत, त्यांच्या शब्दात मात्र एक अख्खा देश ओढलेला आहे. असं करणारे इंग्रज एकटेच नाहीत. वेगवेगळे पैसे भरण्याला तुर्की माणूस 'जर्मन पद्धत' म्हणतो, इजिप्तमध्ये ती इंग्रजांची पद्धत ठरते, इटलीत रोमवाल्यांची आणि पोर्तुगालात पोर्तो शहराची. चिकटपणा आपण करायचा, पण नाव दुसऱ्या गावाचं लावायचं.

इंग्रजीने मात्र हा खेळ एकाच शेजाऱ्याशी, नेदरलँड्सच्या म्हणजे हॉलंडच्या डचांशी, फार मन लावून खेळला. दारू पोटात गेल्यावर चढणारा जोर म्हणजे 'डच करेज'. ज्यात प्रत्येक वादक आपलीच धून वाजवतो ती 'डच कॉन्सर्ट'. तोंडावर खडसावून उपदेश करणारा तो 'डच अंकल'. काहीही न कळणारी बडबड म्हणजे 'डबल डच'. एखादी गोष्ट शपथेवर सांगायची तर 'हे खोटं निघालं तर मी डचमन!' म्हणायचं. आपण 'नाव बदलून टाकीन' म्हणतो, तिथे इंग्रज देश बदलायला तयार होतो.

एवढा राग कशाचा? सतराव्या शतकात हे दोघे एकाच समुद्रावर एकाच मालासाठी भांडत होते. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची, डचांची १६०२ची. दोघींनाही मिरी, लवंग, जायफळ हवं होतं, आणि डचांकडे पैसा आणि जहाजं जास्त होती. १६२३ साली आजच्या इंडोनेशियातल्या आंबोयना बेटावर डचांनी कटाचा आरोप ठेवून दहा इंग्रजांची डोकी उडवली. त्या प्रकरणावरची पत्रकं लंडनमध्ये पुढे कित्येक वर्षं छापली जात होती. मग १६५२ ते १६७४ या बावीस वर्षांत तीन युद्धं झाली.

त्यातला १६६७चा जून महिना इंग्रज सहजी विसरणार नव्हते. तिजोरीत खडखडाट होता. आरमारातली मोठी जहाजं मेडवे नदीत नुसती बांधून ठेवली होती आणि खलाशांच्या हातावर पगाराऐवजी चिठ्ठ्या टेकवल्या जात होत्या. डि रायटर या डच दर्यासारंगाचं आरमार नदीत शिरलं, आडवी बांधलेली साखळी तोडली, जहाजं जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे खुद्द राजाच्या नावाचं जहाज ओढून घरी नेलं. त्याच्या पिछाडीवरचं कोरीवकाम आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये लावलेलं आहे. आरमाराच्या कचेरीत काम करणाऱ्या सॅम्युअल पेपिसने त्या जुलैत आपल्या रोजनिशीत एका वरिष्ठाचे उद्गार टिपून ठेवले. सभ्य मराठीत सांगायचं तर, 'सैतानाच्या पोटातून डचच पडतात की काय!'

जिंकणाऱ्याला वाक्प्रचार रचायची फारशी गरज पडत नाही, असं मला वाटतं. हरलेल्याची जीभ जास्त चालते. अर्थात जिंकतानाही ती गप्प नव्हती: इंग्रजांनी जिंकलेल्या १६६५च्या लढाईवर कविता लिहिताना एडमंड वॉलरने डचांचं धैर्य त्यांच्या ब्रँडीतून येतं असा टोमणा मारला. गंमत अशी की 'ब्रँडी' हा शब्दच डचांचा, आणि 'जिन'ही त्यांच्या 'येनेव्हर'चं लांडं रूप. पुढे हॉलंडचाच विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि अठराव्या शतकात लंडन जिनमध्ये इतकं बुडालं की १७५१ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. दारू पिऊन हिंमत करायची पाळी आता कुणावर आली होती ते उघडच आहे. शिवी मात्र डचांच्याच नावावर राहिली.

१७८५ साली फ्रान्सिस ग्रोसने बाजारू इंग्रजीचा कोश काढला. त्यात आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत या शब्दांची मोठी रांग आहे. पाहुण्यांच्या आधी यजमानच झिंगतो ती 'डच फीस्ट'. तपशील न देता एकदम आकडा सांगितलेलं बिल म्हणजे 'डच रेकनिंग'. 'देवाची कृपा, याहून वाईट झालं नाही' हे सांत्वन म्हणजे 'डच कम्फर्ट'. सतराव्या शतकातल्या त्या तीन युद्धांना शंभरावर वर्षं उलटली होती. मधल्या काळात डच सत्ता ओसरली, इंग्रज कुठल्या कुठे पोचले, तरी गुत्त्यातली भाषा जुनंच भांडण भांडत होती.

इथे एक मेख आहे. 'डच' या शब्दाचा मूळ अर्थ 'लोकांचा, लोकभाषेचा' एवढाच. लॅटिन ही विद्वानांची भाषा आणि ही साध्या माणसांची. जर्मन लोक स्वतःला 'डॉइच' म्हणतात तो याच शब्दाचा सख्खा भाऊ. एके काळी इंग्रज या सगळ्यांनाच डच म्हणत, पुढे वैर वाढलं तसा शब्द समोरच्या किनाऱ्यापुरता आवळला गेला. अमेरिकेत मात्र जुना सैल अर्थ टिकला. १६८३ पासून पेनसिल्व्हेनियात येऊन वसलेले जर्मन तिथे 'पेनसिल्व्हेनिया डच' झाले, आणि आजही आहेत. 'डच ट्रीट' आणि 'डच अंकल' हे दोन्ही एकोणिसाव्या शतकातले, अमेरिकेत घडलेले. म्हणजे आपण ज्याच्या नावाने बिल वाटून घेतो तो डच हॉलंडचाच असेल असं नाही, त्यात जर्मनांचाही वाटा धरावा लागतो. सगळे वाक्प्रचार मेडवेच्या खात्यावर टाकणारे लेख म्हणूनच अर्धेच खरे आहेत.

आणि काही तर शिव्याच नाहीत. 'डच ऑक्शन' म्हणजे वरून खाली येणारा लिलाव. चढ्या भावाने सुरुवात होते, आकडा उतरत जातो, पहिला जो 'माझं' म्हणेल त्याचा माल. ॲम्स्टरडॅमजवळच्या आल्समीरला फुलांचा बाजार याच रीतीने, मोठ्या घड्याळावर चालत आला, कारण कापलेलं फूल घासाघीस संपेपर्यंत थांबत नाही. २००४ साली गूगलने आपले शेअर पहिल्यांदा विकले तेही याच पद्धतीचा एक प्रकार वापरून. आपला 'लिलाव' शब्दही परदेशीच, पोर्तुगीजांकडून आलेला.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर, आपण डचांना डच म्हणतच नव्हतो. त्यांचं मराठी नाव 'वलंदेज', पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून, जसा त्यांच्या 'इंग्लेश'चा 'इंग्रज' झाला. शत्रूच्या तोंडून ऐकलेलं नाव आपण उचललं. वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखार होती. गोव्यावर नजर ठेवायला ती जागा सोयीची. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. मराठेशाहीच्या राज्यकारभारावरच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्या पंगतीत वलंदेजही बसवले आहेत आणि या सगळ्याच टोपीकरांपासून जपून राहा, असं बजावलं आहे. तरीही मराठीत वलंदेजांवरून रुळलेला एखादा टोमणा मला आठवत नाही. आपलं खरं भांडण दुसऱ्यांशी होतं, म्हणून आपल्याकडे 'मोगलाई' लागते आणि वसुली 'पठाणी' होते.

डच सरकारला ही बदनामी बोचली. १९३४ साली त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की इंग्रजीत 'डच' शब्द शक्यतो टाळा, 'नेदरलँड्स' लिहा. इंग्रजी बोलणाऱ्यांनी अर्थातच ऐकलं नाही. स्वतः डच तरी कुठे साळसूद? स्पेनशी ते ऐंशी वर्षं लढले, आणि न कळणारी गोष्ट त्यांच्या भाषेत अजून 'स्पॅनिश' वाटते. वरवर उरकलेलं काम 'फ्रेंच' हाताचं असतं.

इंग्रजी मात्र ज्याला चिडवते त्याच्याकडूनच सढळ हाताने उचलत आली. यॉट, स्किपर, कुकी हे शब्द डचांचेच. न्यूयॉर्क हे आधी न्यू ॲम्स्टरडॅम होतं, १६६४ साली इंग्रजांनी घेतलं. 'बॉस' हा डचांचा 'बास' तिथल्याच इंग्रजीत रुळला आणि फिरत फिरत आपल्या रिक्षा स्टँडपर्यंत आला.

वाक्प्रचारातला डच कसा दिसतो हे आपल्याला मजेशीर वाटतं, कारण तो आपण नसतो. १७४२ पासून दहाएक वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. त्या भीतीने कलकत्त्याभोवती खोदायला घेतलेल्या खंदकाचं नावच 'मराठा डिच' पडलं. बंगाली अंगाईत अजून 'बर्गी' येतात, म्हणजे आपले बारगीर. बाळ झोपलं, आळी निजली, बर्गी देशात आले. बुलबुलांनी भात खाल्लं, आता सारा कशाने भरू?