बर्बन बिघडली का? उत्तर गोदामाच्या हिशेबात

२०१६ च्या सुरुवातीला एलायजा क्रेग या केंटकीच्या बर्बनच्या (मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) लेबलावरून '१२' हा वयाचा आकडा गेला. त्याच वर्षी नॉब क्रीकवरची '९ वर्षे' ही ओळही गेली. त्याआधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, मेकर्स मार्कने आपली अल्कोहोलची तीव्रता ४५ टक्क्यांवरून ४२ वर आणत असल्याचे जाहीर केले होते. गिऱ्हाईक इतके चिडले की कंपनीला काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. अमेरिकन व्हिस्की पूर्वीसारखी राहिली नाही, या तक्रारीला जोर आला तो या वर्षांत. तक्रार खोटी नाही, पण तिच्यातला 'पूर्वी' हा शब्द फार सैल आहे. ज्या जुन्या बाटल्यांशी आजच्या बर्बनची तुलना होते, त्या बहुतेक १९७० ते १९९० च्या दशकांतल्या. आणि त्या बाटल्यांत इतका चांगला माल भरला गेला, याचे मोठे कारण म्हणजे तो कोणाला नको होता.

आधी कायद्याने काय बांधून ठेवले आहे ते पाहू. बर्बन अमेरिकेतच बनते. धान्याच्या मिश्रणात मका किमान ५१ टक्के लागतो; उरलेल्या भागात सहसा राय किंवा गहू आणि थोडे माल्ट केलेले जव असतात. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर न्यायचे नाही, म्हणजे धान्याची चव टिकते. पिंप ओकचे, आतून जाळलेले आणि कोरेच हवे. पिंपात भरताना तीव्रता ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, बाटलीत ४० पेक्षा कमी नको, आणि पाण्याखेरीज काहीही घालायचे नाही. 'स्ट्रेट' म्हणायचे तर किमान दोन वर्षे मुरवावी लागते, आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापणे सक्तीचे. म्हणून ज्या स्ट्रेट बर्बनवर वय छापलेलेच नाही, तिच्यातले सर्वांत कोवळे पिंपही चार वर्षांचे धरायला हरकत नाही. मात्र चारच्या पुढे किती मुरवायचे, ४० आणि ६२.५ च्या मध्ये कुठे थांबायचे, पिंप गोदामाच्या कोणत्या मजल्यावर ठेवायचे, हे सगळे मोकळे आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले सगळे चढउतार या मोकळ्या जागेत झाले.

तसा भेसळीचा काळ याहून कितीतरी वाईट होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'रेक्टिफायर' म्हणवणारे व्यापारी बेचव स्पिरिटमध्ये रंग, साखर आणि फळांचे रस घालून ते जुनी व्हिस्की म्हणून खपवत. त्यावर उतारा म्हणून १८९७ चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. कर्नल एडमंड हेन्स टेलर हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची व्हिस्कीच हे शब्द लावू शकते. अट आजही तीच आहे. १९२० ची दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा मुरलेला साठा जवळपास संपला होता आणि बाजार कोवळ्या, मिसळलेल्या मालाने भरला. दर्जा घसरल्याची ओरड तेव्हाही होतीच, आणि तिला आजच्यापेक्षा जास्त आधार होता.

खरी गाठ पुढे आहे. त्या काळी गोदामातल्या व्हिस्कीवरचा कर जास्तीत जास्त आठ वर्षे पुढे ढकलता येई. नववे वर्ष लागताच माल विकला असो वा नसो, कर भरावाच लागे. त्यामुळे आठ वर्षांपेक्षा जास्त मुरलेली बर्बन ठेवणे बहुतेकांना परवडत नसे. १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले. महायुद्धात झाले तसे पुन्हा भट्ट्यांना औद्योगिक अल्कोहोल बनवावे लागेल, या धास्तीने शेन्ली कंपनीच्या लुईस रोझेनस्टीलनी प्रचंड साठा करून ठेवला. युद्ध संपले, ती सक्ती आलीच नाही आणि कराची तारीख मात्र जवळ येऊ लागली. १९५८ च्या फोरँड कायद्याने मुदत आठवरून वीस वर्षांवर नेली आणि रोझेनस्टील सुटले. दहा-बारा-पंधरा वर्षांची बर्बन नेहमीच्या विक्रीत येणे त्यानंतरच शक्य झाले. ज्या वयाच्या आकड्यांसाठी आज लोक हळहळतात, ते न खपलेल्या मालातून जन्मले.

१९६२ मध्ये आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी होते. पिंपात भरण्याच्या तीव्रतेची मर्यादा ५५ टक्क्यांवरून ६२.५ वर गेली. यामागचा हिशेब सोपा आहे. २०० लिटरच्या पिंपात ५५ टक्क्यांनी भरले तर ११० लिटर शुद्ध अल्कोहोल मावते, ६२.५ टक्क्यांनी भरले तर १२५. बाष्पीभवन बाजूला ठेवून ४० टक्क्यांवर बाटल्या भरल्या, तर पहिल्यातून २७५ लिटर निघते, दुसऱ्यातून ३१२.५. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या पन्नास बाटल्या एका पिंपामागे जास्त, आणि त्याही कमी पिंपांत, कमी गोदामात. पण लाकडातल्या जळलेल्या साखरा पाण्यात जास्त विरघळतात, तर लाकडाचे काही तिखट-तुरट घटक अल्कोहोलमध्ये. कमी तीव्रतेने भरलेल्या पिंपातून साधारणपणे गोडसर, जाड अंगाचा माल निघतो आणि बाटलीत भरताना त्यात पाणीही कमी घालावे लागते. जुन्या बर्बनमध्ये जिभेवर रेंगाळणारा जो गुळमटपणा सांगतात, त्यातला मोठा वाटा याचा असावा. सगळ्यांनी लगेच वरची मर्यादा गाठली नाही. वाइल्ड टर्की २००४ पर्यंत ५३.५ टक्क्यांनी भरत असे. मग ५५ आणि २००६ पासून ५७.५. म्हणजे त्या भट्टीची २००३ ची पिंपे आणि २००७ ची पिंपे एकाच कृतीची असली, तरी तंतोतंत एक नव्हेत. लेबलावर यातले काहीच दिसत नाही.

मग मंदी आली. १९७० नंतर तरुण गिऱ्हाईक रंगहीन दारूकडे वळले आणि १९७६ मध्ये व्होडकाने अमेरिकेत व्हिस्कीला मागे टाकले. ओल्ड टेलरची भट्टी १९७२ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी व्हॅन विंकल घराण्याच्या हातून स्टिट्झेल-वेलर ही भट्टी गेली; तिथले ऊर्ध्वपातन १९९२ मध्ये थांबले. गोदामे भरलेली आणि गिऱ्हाईक नाही, अशा स्थितीत सहा वर्षांच्या म्हणून विकायच्या बाटलीत आठ-दहा वर्षांची पिंपे ओतली जात, कारण ती कुठेतरी खपवायची होती. लेबलावरचे वय सर्वांत कोवळ्या पिंपाचे असते. त्याहून जुने कितीही मिसळता येते. दुकानांच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या ज्या बाटल्यांसाठी आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात, त्या तेव्हाच्या स्वस्त बाटल्या होत्या. त्याच काळात भट्टीवाल्यांनी उरलेली उत्तम पिंपे वेगळी काढून विकायला सुरुवात केली: १९८४ मध्ये एल्मर ली यांची ब्लँटन्स, १९८८ मध्ये बुकर नो यांची बुकर्स. त्यांना आधार दिला जपानच्या बाजाराने. अमेरिकेत तेव्हा त्यांना फारशी मागणी नव्हती.

म्हणून १९८० चे दशक म्हणजे निव्वळ सुवर्णयुग असे समजू नये. याच वर्षांत अनेक नेहमीच्या छापांची तीव्रता गुपचूप खाली आली. अमेरिकेचा केंद्रीय कर अल्कोहोलच्या प्रमाणावर लागतो. १९८५ मध्ये तो 'प्रूफ गॅलन'मागे (५० टक्के अल्कोहोलच्या एका अमेरिकन गॅलनमागे) १०.५० वरून १२.५० डॉलर झाला, १९९१ मध्ये १३.५०. या शेवटच्या दराने ५० टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीवर साधारण २.६७ डॉलर कर पडतो, ४० टक्क्यांच्या बाटलीवर २.१४. पाणी घातल्याने मालही वाढतो आणि करही वाचतो. जॅक डॅनियल्स (ती स्वतःला बर्बन म्हणवत नाही, टेनेसी व्हिस्की म्हणवते) १९८७ मध्ये ४५ वरून ४३ वर आली आणि २००४ पर्यंत ४० वर. ४५ ते ४० म्हणजे तेवढ्याच पिंपांतून साडेबारा टक्के जास्त माल. मेकर्स मार्कचा बेत त्यामानाने सौम्य होता, सात टक्के. फरक एवढाच की त्यांनी तो जाहीर केला.

२००० नंतर वारे फिरले. केंटकीत १९९९ मध्ये सुमारे साडेचार लाख पिंपे भरली गेली होती. २०१० च्या आसपास दहा-बारा वर्षांची बर्बन हवी, तर ती याच तुटपुंज्या साठ्यातून काढावी लागणार होती. त्यातच १९९६ मध्ये बार्ड्सटाउनला हेवन हिलच्या आगीत सुमारे नव्वद हजार पिंपे जळून गेली होती. मागणी आज वाढली म्हणून बारा वर्षांची व्हिस्की उद्या तयार होत नाही. शिवाय दरवर्षी पिंपातून उडून जाणारा भाग असतो, ज्याला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. चार टक्के धरला, तर चार वर्षांनी पिंपात ८५ टक्के उरते, आठ वर्षांनी ७२, बारा वर्षांनी ६१. मग कंपन्यांनी वय काढले आणि ८ ते १२ वर्षांची पिंपे एकत्र करायला सुरुवात केली. एलायजा क्रेगने तीव्रता मात्र ४७ टक्केच ठेवली, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. २०२० मध्ये साठा सावरला तशी नॉब क्रीकवर '९ वर्षे' परत आली. वय काढणे ही लबाडी असते, तर ते परत आले नसते.

बाकीच्या संशयितांवर हात राखून बोलावे. पूर्वी लाकूड जुन्या जंगलांतले होते, फळ्या उघड्यावर वर्षभर वाळत, भट्टीचे स्वतःचे यीस्ट असे, आंबवण सायप्रस लाकडाच्या टाक्यांत होई, असे सांगितले जाते. यातले प्रत्येक कारण काही भट्ट्यांना लागू आहे, काहींना नाही. उघड्यावर न वाळवता उष्णता देऊन झटपट सुकवलेल्या फळ्यांत तुरटपणा जास्त राहतो, हे खरे. थंड करून गाळण्यामुळे चवीचे काही स्निग्ध घटक जातात, हेही खरे. कमी तीव्रतेची व्हिस्की थंडीत गढूळ दिसू नये म्हणून हे करतात. पण एक गोष्ट तुलना करणारे विसरतात. चाळीस वर्षे बाटलीत राहिलेली व्हिस्की म्हणजे बाटली भरली त्या दिवशीची व्हिस्की नव्हे. बूच सुकते, पातळी खाली जाते, हवा शिरते. पातळी खांद्याच्या खाली असेल तर त्या चवीवरून भट्टीचा न्याय करू नये. अशा बाटलीचे वय काढायला काही ठोस खुणा आहेत: बुचावरून गेलेली कराची कागदी पट्टी १९८५ पूर्वीची (हिरवी असेल तर बॉटल्ड इन बाँड, तांबडी असेल तर इतर), माप मिलिलिटरमध्ये नसून 'चार-पंचमांश क्वार्ट' असेल तर १९८० च्या आधीची, आरोग्याचा सरकारी इशारा असेल तर नोव्हेंबर १९८९ नंतरची.

आजच्या काळाचा खास म्हणावा असा दोष छोट्या भट्ट्यांत सापडतो. १९ लिटरच्या पिंपात तेवढ्याच मालाला लाकडाचा स्पर्श २०० लिटरच्या पिंपापेक्षा दुपटीहून जास्त होतो. वर्षभरात रंग गडद होतो, पण हवेशी सावकाश होणारी क्रिया घाईने होत नाही. परिणामी वास करवतीच्या भुशाचा आणि मागे कच्च्या मक्याची चव. दुसऱ्या टोकाला असतात दुसऱ्याकडून माल घेऊन स्वतःची कहाणी चिकटवणारे. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या जुन्या सीग्रम भट्टीतला माल असंख्य नावांनी विकला गेला. तो वाईट नाही, उलट बराचसा उत्तम आहे. फक्त पणजोबांच्या कृतीशी त्याचा संबंध नसतो. मागच्या लेबलावर 'डिस्टिल्ड बाय' लिहिले आहे की नुसते 'बॉटल्ड बाय' किंवा 'प्रोड्यूस्ड बाय', ते पाहावे. बॉटल्ड इन बाँडवर भट्टीचा क्रमांक छापावाच लागतो: डीएसपी-केवाय-१ म्हणजे हेवन हिलची लुईव्हिलची भट्टी, डीएसपी-केवाय-११३ म्हणजे बफेलो ट्रेस.

आपल्याकडे बाटली निवडताना प्रूफचा घोळ टाळावा. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट. भारतीय लेबलावरचे '२५ यूपी' (अंडर प्रूफ) हे जुन्या ब्रिटिश मापातले आहे आणि ते ४२.८ टक्के होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचे आयात शुल्क १५० वरून १०० टक्के केले. राज्याचे उत्पादन शुल्क त्यावर वेगळे.

आता काटा पुन्हा उलटा फिरतो आहे. केंटकीत २०२२ मध्ये सुमारे २७ लाख पिंपे भरली गेली आणि २०२५ च्या आरंभी गोदामांत १ कोटी ६० लाखांहून जास्त पिंपे होती. मागणी मात्र मंदावली. जिम बीमने क्लेरमाँटच्या मुख्य भट्टीतले ऊर्ध्वपातन २०२६ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. पडून राहिलेल्या पिंपांवर केंटकी दरवर्षी मालमत्ता कर घेते. तो २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत २०४३ मध्ये संपेल. म्हणजे जुना माल सांभाळण्याचा खर्च घटत जाणार, नेमका साठा तुंबलेला असताना. २०२२ ची ती पिंपे २०३० मध्ये आठ वर्षांची होतील.